दिवसाआड पाणी आणि डाएट: विस्कटलेलं खाणं परत बसवायचं कसं?

२०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विकायला आली, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगच्या भांडणांना सुट्टी मिळाली. कोण घेतंय, किती उतरलं, महिन्याला किती पैसे पडतात, चेहरा ओघळतो म्हणतात ते खरं का, हेच सुरू. पण ग्रुपवर कोणी विचारत नाही असा एक प्रश्न मला वेगळ्या मेसेजमध्ये येतो, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर. "तू डाएट सोडलंस म्हणे. मग आता करतेस काय?"

याचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. अकरा वर्षं नाना प्रकारची डाएट केली, त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत खाणं पार विस्कटलं आणि ते मार्गावर यायला तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत डॉक्टरांना आणि समुपदेशक ताईंना खोदून खोदून विचारलं, स्वतः वाचलं. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

## आधी शब्द वेगळे करू

उपवास, पथ्य आणि डाएट ही तीन नावं आपण सरमिसळ वापरतो. उपवास तिथीला येतो आणि दुसऱ्या दिवशी सुटतो. पथ्य आजारासाठी असतं, ते डॉक्टर किंवा वैद्य सांगतात आणि त्यामागे कारण असतं. डाएटचा मूळ अर्थ नुसता 'आहार', पण मराठीत "ती डाएटवर आहे" म्हणजे ती कमी खाते आहे. भात बंद, रात्रीचं जेवण बंद, फक्त मुगाचं सूप, सात दिवसांत अमुक किलो. नियम बाहेरून आलेले, मुदत ठरलेली आणि परीक्षक एकच, वजनकाटा. या लेखात 'डाएट' हा शब्द एवढ्याच अर्थाने वापरते.

आता 'विस्कटलेलं खाणं'. भूक, वेळ आणि चव यांच्या जोरावर चालणारी साधी गोष्ट जेव्हा भीती आणि हिशेबावर चालायला लागते, तेव्हा ती विस्कटली म्हणायची. दिवसातून चार वेळा काट्यावर उभं राहणं. काल जास्त खाल्लं म्हणून आज उपाशी राहून 'भरपाई' करणं. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला न जाण्यासाठी ताप आल्याचं सांगणं, कारण तिथे जेवावं लागेल. लपून खाणं. मुद्दाम उलटी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं. हे वरचेवर घडू लागलं आणि त्याने शरीराचं, कामाचं, नात्यांचं नुकसान व्हायला लागलं की डॉक्टर त्याला इटिंग डिसऑर्डर म्हणतात. तो मानसिक आजार आहे आणि त्याचे प्रकार आहेत. अनोरेक्सियात माणूस धोकादायक इतकं कमी खातो. बुलिमियात बकाबका खाणं आणि मग ते कसंही करून बाहेर काढणं असं चक्र असतं. तिसऱ्या प्रकारात खाण्याचे झटके येतात, पण बाहेर काढणं नसतं. त्याला बिंज इटिंग म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या तिसऱ्याला स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. तोपर्यंत अशा कितीतरी लोकांना "तोंडावर ताबा ठेवा" एवढाच सल्ला मिळाला असेल.

हे आजार फक्त हडकुळ्या, श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना होतात असा समज आहे. जाड माणसालाही होतात, पुरुषांनाही होतात. चारचौघांत कोणाला काहीच कळलं नाही, असंही असतं.

माझं कोणाला कळलं नव्हतं. दिवसभर काकडी, ताक आणि उकडलेले मूग खाऊन रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात अंधारात उभी असायची. आधी डब्यातली गार पोळी, मग पोळीला तूप-साखर, मग जॅम नुसताच चमच्याने, मग आईने पाठवलेले रव्याचे लाडू. चव लागतच नसे. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण आवाज न करता उघडायला मला अजूनही जमतं: एक तळवा डब्याच्या बुडाशी, दुसऱ्या हाताचा अंगठा झाकणाच्या कडेखाली, आणि श्वास रोखून हळूच एका बाजूने वर. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा का, याला उत्तर तयार असायचं. ऑफिसला नेले.

## पिंपं भरून ठेवणारं शरीर

माझं आजोळ लातूरचं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच लातूर. त्याआधीही नळ रोज यायचा नाही. नळ आला की घरात धावपळ: पिंप, हंडे, कळशा, बादल्या, शेवटी तांबे आणि पातेलीसुद्धा भरायची. कोणी आजीला हावरट म्हटलं नाही. पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसलेल्या घरात यालाच शहाणपण म्हणतात. आणि साठवण भरली तरी खर्चात काटकसर असायचीच. भांड्यांचं पाणी झाडांना, अंघोळ अर्ध्या बादलीत.

शरीराला डाएट म्हणजे अशीच पाणीटंचाई वाटते. लग्नासाठी चार किलो उतरवायचे आहेत की खरंच दुष्काळ पडला आहे, हे ओळखायचं साधन त्याच्याकडे नाही. म्हणून ते दोन कामं करतं, खर्च कमी करतं आणि मिळेल तेव्हा साठवण्याची ओढ वाढवतं.

यातली यंत्रणा बरीचशी कळलेली आहे. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. संप्रेरक म्हणजे शरीरातल्या एका भागाने दुसऱ्याला धाडलेली चिठ्ठी. लेप्टिनची चिठ्ठी मेंदूला सांगते की टाकीत साठा आहे. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये त्याचा शोध लावला. त्याच्या उलट काम करतं घ्रेलिन, जे मुख्यतः जठरातून सुटतं आणि भूक पेटवतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. खाणं एकदम कमी केलं की लेप्टिन घसरतं, घ्रेलिन चढतं. हे काही दिवसांत पूर्ववत होत असेल असं वाटतं ना? ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी ऊर्जेच्या आहारावर ठेवलं होतं, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. आहार थांबवून वर्ष उलटलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं मूळ पातळीला आलेली नव्हती आणि भूकही जास्तच लागत होती.

काटकसरीचंही तसंच. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं उतरलेलं वजन बऱ्याच अंशी परत आलं होतं, पण शरीर अजून टंचाईतच होतं. त्यांच्या आकारमानाच्या माणसाचं शरीर नुसतं जिवंत राहण्यासाठी जेवढं जाळतं, त्यापेक्षा त्यांचं शरीर दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

## मिनेसोटातले ३६ तरुण

या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमार चालू होती. उपाशी माणसांना परत अन्नावर कसं आणायचं, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात प्रयोग सुरू केला. ३६ तरुण स्वतःहून आले. युद्धात बंदूक धरायला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले हे लोक. निग्रहाचा अभाव हा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही.

आधी तीन महिने त्यांना पोटभर जेवण दिलं. मग २४ आठवडे अर्धपोटी. बटाटे, सलगम, पाव, थोडी मॅकरोनी, आणि शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणं. वजन सरासरी पाव भागाने उतरलं. पण त्यांच्या मनाचं जे झालं ते वाचताना मला माझीच डायरी वाचल्यासारखं वाटलं. ज्यांना स्वयंपाकाची कधी आवड नव्हती ते पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. थोडंसं जेवण तासन्‌तास चिवडत बसायचे. ताटल्या चाटायचे. पाणी आणि च्युइंग गमवर दिवस काढायचे. चिडचिड, थंडी वाजणं, एकलकोंडेपणा. काही जणांनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि मग ते अपराधीपणाने पोखरून निघाले. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावर कित्येक जण प्रचंड जेवायचे, आणि पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी भूक आहेच म्हणायचे. हे काही महिने चाललं.

हे सगळे आधी मनाने धडधाकट होते. त्यांना खाण्याचं 'वेड' अर्धपोटी ठेवल्यामुळे लागलं. आणि त्या प्रयोगातली अर्धपोटी अवस्था म्हणजे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. आज इंटरनेटवर मिळणारे कितीतरी 'सोपे' डाएट तक्ते याहून खालचे आहेत. मला हे कळलं तेव्हा मी रडले आणि मग बराच वेळ संतापले होते.

## एकादशी अन् दुप्पट खाशी

संशोधनाच्या कितीतरी आधी मराठीने हे ओळखून ठेवलं आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी! आपण ही म्हण चेष्टेने वापरतो, पण तिच्यात शरीराचं आणि मनाचं अख्खं चक्र आहे.

मनाची बाजू १९७५च्या एका प्रयोगात दिसली. काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. जे एरवी डाएट करत नव्हते त्यांनी मिल्कशेक पोटात असल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्लं, म्हणजे पोट जसं सांगेल तसं. डाएट करणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर मोडू दे, उद्यापासून परत सुरू. आणि 'उद्यापासून परत बंद' हे माहीत असल्यामुळे आज भरून घ्यायची घाई. नळ जायच्या आधीची धावपळ, अगदी तीच.

मग दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप, आणखी कडक नियम, आणखी टंचाई. या चक्रात एक फसवं बक्षीसही आहे. नवीन डाएटच्या पहिल्याच आठवड्यात काटा झपकन खाली येतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं: शरीर आपल्या साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की पाणी जातं. दोन दिवस भात खाल्ला की परत येतं. मी या दोन किलोंच्या मागे अकरा वर्षं पळत होते.

## मग डाएट सोडून करायचं काय?

इथे बहुतेकांची गफलत होते. माझीही झाली. डाएट सोडलं आणि लगेच 'हेल्दी' खायला लागले: ज्वारीची भाकरी, सॅलड, साखर शून्य, मैदा शून्य. तीन आठवड्यांत पुन्हा रात्री स्वयंपाकघरात. समुपदेशक ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही डाएट सोडलं नाहीत, त्याला नवा कुर्ता घातलात." यालाही नाव आहे. शुद्ध, सात्त्विक, पौष्टिक खाण्याचाच ध्यास जेव्हा आयुष्य आखडून टाकतो, तेव्हा त्याला ऑर्थोरेक्सिया म्हणतात. १९९७ मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरने हा शब्द काढला.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याच्या उलटा आहे. पौष्टिक खाणं शेवटी येतं. सगळ्यात आधी नळ वेळेवर यायला हवा.

म्हणजे घड्याळ. इटिंग डिसऑर्डरवर ज्या उपचाराचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे, तो ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केला. त्याच्या सुरुवातीलाच हीच गोष्ट येते: दिवसाला तीन जेवणं आणि दोन किंवा तीन मधली खाणी, ठरल्या वेळी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो-नसो. कारण या टप्प्यावर भुकेची घंटाच बिघडलेली असते. 'भूक लागेल तेव्हा खा' हा सल्ला नंतर उत्तम आहे, पण सुरुवातीला तो बंद पडलेल्या घड्याळाकडे बघून लोकल पकडण्यासारखा. गंमत म्हणजे हे वेळापत्रक आपल्याला नवं नाही. सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण, चारचा चहा आणि त्याच्याबरोबर काहीतरी, रात्रीचं जेवण. माझ्या रात्रीच्या झटक्यांवर सगळ्यात मोठा उपाय ठरला तो चारचा. कधी वाटीभर पोहे, कधी केळं आणि मूठभर शेंगदाणे, कधी दोन खारी. इतकं साधं उत्तर असेल यावर विश्वास ठेवायलाच मला महिना लागला.

आदल्या रात्री झटका आला असेल तरी सकाळची न्याहारी चुकवायची नाही. हा नियम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा. चक्र तोडायची जागा झटका येतो त्या रात्री नसते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी असते.

दुसरी पायरी, पुरेसं. एक पोळी आणि वाटीभर भाजी हे मोठ्या माणसाचं जेवण होत नाही. तिसरी पायरी, बंदी उठवणं. मी कागदावर माझ्या 'बंद' पदार्थांची यादी केली होती. बावीस निघाले. एकेक पदार्थ परत आणायचा, पण ठरवून: दिवसाउजेडी, ताटात वाढून, बसून आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबत. माझा पहिला पदार्थ भात. रविवारी दुपारी आईने वरण-भाताची मूद घातली, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. सहा वर्षांनी. पहिल्या घासाला हात थरथरत होता, आणि ते आईच्या लक्षात आलं हे मला कळलं. ती काही बोलली नाही. फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ जेवत बसली.

एक सावधगिरीची सूचना इथेच देते. ज्यांचं वजन खूपच घटलं आहे किंवा ज्यांनी बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, त्यांनी एकदम भरपूर खायला सुरुवात करू नये. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्याने खाली येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

## "म्हणजे वाट्टेल ते, वाट्टेल तेवढं खायचं?"

सुरुवातीला थोडं तसं होतं, खोटं कशाला बोलू. बंदी उठली की बावीसपैकी चार-पाच पदार्थ जास्त खाल्ले जातात. आंब्याच्या दिवसांत पहिली पेटी कशी संपते आणि तिसऱ्या पेटीपर्यंत आंबे कापायचासुद्धा कंटाळा येतो, आठवतं? रोज मिळणार हे पटल्यावर पदार्थाची जादू उतरते. मनाला पटायला वेळ लागतो, कारण याआधी आपण त्याला बरेचदा फसवलेलं असतं.

ही पायरी पार झाली की मग ताटात काय आहे याचा विचार करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळी, दूध-दही, अंडी-मांस-मासे, दाणे. आजीच्या पद्धतीने वाढलेलं पान आठवा: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात-पोळी. फरक पडला आहे तो आकारात. आमच्या घरी कोशिंबीर चमचाभर आणि भाजी बटाट्याची असायची. मी आता कोशिंबीर वाटीभर घेते, आमटी घट्ट करते. काढून काहीच टाकलेलं नाही. 'काय वगळू' असं मनात आलं की मी सावध होते, आणि 'काय वाढवू' असं आलं की निश्चिंत.

## "पण वजन वाढलं तर?"

काहींचं वाढतं, काहींचं तेवढंच राहतं, झटके थांबल्यामुळे काहींचं उतरतं. कोणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो काहीतरी विकतो आहे. माझं सुरुवातीला वाढलं, मग थांबलं. किती, ते लिहीत नाही. आकडे वाचून स्वतःशी तुलना करण्याची सवय मला होती, ती इतरांनाही असेल.

वजन आणि तब्येत यांचं नातं आपण समजतो तेवढं सरळ नाही, याचा छान पुरावा पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के! बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो १८३०च्या दशकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने लोकसंख्येच्या सरासरीसाठी काढला, आणि १९७२ मध्ये त्याला हे नाव दिलं अ‍ॅन्सेल कीज यांनी. हो, तेच मिनेसोटावाले. समूहासाठी तो उपयोगी आहे. एका माणसाच्या ताटात काय पडावं हे त्याच्यावरून ठरवू नये.

याचा अर्थ पोटावरची चरबी निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासत राहायचं. मी वजनकाटा घराबाहेर काढला, पण वर्षाकाठी रक्त तपासते.

## "मला शुगर आहे, मी कसं डाएट सोडू?"

इथे पथ्य आणि डाएट यांतला फरक कामाला येतो. मधुमेहाचं पथ्य सोडायचं नाहीच. पण त्याचा गाभाही नियमित खाणं हाच आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तेव्हा आपल्या डॉक्टरांना खाण्याचा सगळा इतिहास सांगायचा, लाज वाटली तरी. डाळ, भाजी आधी आणि भात मागून, जेवल्यावर दहा मिनिटं चालणं, हे पथ्य कोणालाही जमतं, आणि त्यात कोणताही पदार्थ 'पाप' ठरत नाही.

## "आता इंजेक्शन आहे की"

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, पोट भरल्याची चिठ्ठी. ही इंजेक्शनं तीच चिठ्ठी बराच काळ मेंदूसमोर धरून ठेवतात. मधुमेहात आणि काही लठ्ठ रुग्णांत त्यांचा खरा उपयोग आहे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. मात्र वेगोवीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे. आणि ज्याचं खाणं आधीच विस्कटलं आहे, त्याला 'भूकच लागत नाही' ही अवस्था फार सोयीची वाटू शकते. अशा इतिहासाची माहिती न देता ते घेणं मला भीतीदायक वाटतं.

## उपवास आणि मावशी

संकष्टीचं काय, हा प्रश्न येतोच. मी दोन वर्षं एकही उपवास केला नाही. आजीला कसं सांगायचं हे टेन्शन होतं. ती म्हणाली, "आजाऱ्याला, गरोदर बाईला, लेकराला उपास कधी असतो का गं?" विषय संपला. आता मी चतुर्थी धरते, पण साबुदाण्याची खिचडी खाऊन. कडक उपास अजून नाही, बहुधा कधीच नाही.

नातेवाईक जास्त कठीण. आपल्याकडे "तब्येत सुधारली" म्हणजे जाड झालीस. मुंजीत एका मावशीने मला नखशिखान्त न्याहाळून म्हटलं, "काय गं, तब्येत सुधारली की!" एरवी मी त्या रात्री जेवले नसते. या वेळी म्हटलं, "हो मावशी, खरंच सुधारली. आता चक्कर येत नाही, पाळीपण वेळेवर येते." तिला पुढचं वाक्य सुचलं नाही. तिने मला जिलेबी वाढली.

## मदत कुठे, आणि किती दिवस?

छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, उलटीतून रक्त, तीन महिने पाळी न येणं यातलं काही असेल तर लेख वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. वारंवार उलट्या काढल्याने पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एरवी मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि तक्त्याऐवजी माणूस बघणारा आहारतज्ज्ञ अशी तिघांची साथ उत्तम. तिघे परवडत नसतील तर एकापासून सुरुवात करा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

किती दिवस लागतील, हे मीही दर भेटीला विचारायची. आजी लातूरहून आमच्याकडे पुण्याला राहायला आली तेव्हा नळ रोज यायचा. तरी ती बाथरूममध्ये दोन बादल्या आणि एक पिंप भरून ठेवायची. आई म्हणायची, "अगं आई, येतं ना रोज." ती हो म्हणायची आणि भरायची. पिंप रिकामं राहायला सात-आठ महिने लागले. दुसरी बादली अजून भरते.

गेल्या दिवाळीला आईने नेहमीप्रमाणे रव्याच्या लाडवांचा डबा दिला. मी पहिल्या दिवशी दोन खाल्ले, मग एक-दोन दिवसांनी एखादा, मग डबा कपाटात वरच्या फळीवर गेला. डिसेंबरात काहीतरी शोधताना हाताला लागला. झाकण उघडलं, चांगला टण्‌कन आवाज झाला, आणि खवट तुपाचा वास आला. नऊ लाडू शिल्लक होते. फोनवर आईला सांगितलं तर ती केवढ्यांदा ओरडली, "अगं, साजूक तुपातले होते, इतके दिवस काय करत होतीस?"